सोबती – एक (पुरुष)

सासूबाई ‘मीही येते’ म्हणाल्या तेव्हा पट्टीसाहेबांच्या तोंडात गरम सूप होतं, म्हणून त्यांना वेळेवर नाही म्हणता आलं नाही. सूप घशाखाली उतरेपर्यंत बायको ‘छान, तेवढीच सोबत’ म्हणून मोकळी झाली होती. मग सभ्य जावयाला जे म्हणावं लागतं तेच ते म्हणाले. म्हणाले, “या की.”

पट्टीसाहेबांच्या आयुष्यातली निम्मी संकटं अशीच शिष्टाचारापायी आली होती. पण हे संकट बाकीच्यांसारखं नव्हतं. ते एकशे चाळीस किलोमीटर लांब होतं.

पट्टीसाहेब हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. नकाशा कार्यालयात चौतीस वर्षं त्यांनी शर्टाच्या खिशात पोलादी पट्टी बाळगली, त्यावरून ते पडलं आणि चिकटलं. गेल्याच महिन्यात ते निवृत्त झाले. निरोप समारंभात साहेबांनी सहज विचारलं, “आता पुढे काय बेत?” यांनी काहीच ठरवलेलं नव्हतं. पण सगळं कार्यालय केकची बशी हातात धरून आपल्याकडे बघतंय म्हटल्यावर माणूस काहीतरी बोलतोच. “डोंगरावरच्या देवस्थानापर्यंत चालत जाणार,” ते म्हणाले. “जुन्या यात्रामार्गाने. नऊ दिवस.” तो मार्ग त्यांनी स्वतः नकाशावर काढला होता, बारीक तुटक रेषेने, त्यामुळे तो जणू आपल्याच मालकीचा आहे असं त्यांना वाटत असे. टंकलेखिका बाईंनी हळूच विचारलं, “म्हणजे गाडीने ना?”

ते ‘गाडीने ना’ पट्टीसाहेबांच्या काळजात रुतून बसलं. तिथून परतीचा रस्ता बंद झाला.

आता सासूबाई. वय शहात्तर. सासरे गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, त्या लेकीकडेच राहत होत्या. उंचीला साडेचार फूट, वजन एखाद्या भरलेल्या सूटकेसइतकं, आणि बोलणं तारेतल्या मजकुरासारखं मोजकं. पट्टीसाहेबांना त्या ‘जावईबापू’ म्हणत, आणि तेही अशा सुरात, की त्यात मान किती आणि शेरा किती हे एकतीस वर्षांत त्यांना उलगडलं नव्हतं. दोन दिवसांत त्या हे खूळ विसरतील असा पट्टीसाहेबांचा हिशेब होता. तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई पायात नवे बूट घालून स्वयंपाकघरात भाजी चिरत होत्या. “सैल करतेय,” एवढंच म्हणाल्या.

बातमी इमारतभर झाली आणि सल्ले सुरू झाले. समोरच्या शिकवणीवाल्या बाई म्हणाल्या, की पाठीवर ओझं घेऊन जिने चढायची सवय करा. पाय आपोआप तयार होतात. त्यांनी स्वतःकडची जुनी गाइडं आणि उत्तरपत्रिका भरून एक पिशवी दिलीसुद्धा. पट्टीसाहेब रोज सकाळी ते ओझं घेऊन तळमजल्यापासून गच्चीपर्यंत आणि गच्चीपासून तळमजल्यापर्यंत जाऊ लागले. पाचव्या दिवशी इमारतीच्या कमिटीचे सेक्रेटरी जिन्यात आडवे आले.

“घर सोडताय हे कमिटीला कळवायला हवं होतं,” ते म्हणाले.

“मी घर सोडत नाहीये. व्यायाम करतोय.”

“चार दिवस सामान हलवताना लोकांनी पाहिलंय. सामान हलवायचा फॉर्म भरावा लागतो.”

“पण तेच सामान वर जातंय आणि तेच खाली येतंय.”

सेक्रेटरींनी यावर बराच विचार केला. “मग दोन फॉर्म भरावे लागतील,” ते म्हणाले. “एक नेण्याचा, एक आणण्याचा.”

पट्टीसाहेबांनी दोन्ही फॉर्म भरले. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला फॉर्म पुढे केला की हात आपोआप खिशातल्या पेनाकडे जातो.

तिसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी तर मैत्रीखातर तब्येतीचं प्रमाणपत्रच देऊन टाकलं. यात्रा नोंदणी कार्यालयात अर्जासोबत ते लागत असे. पट्टीसाहेब खुशीत तिथे गेले. खिडकीपलीकडच्या बाईंनी प्रमाणपत्र दोनदा वाचलं आणि काचेच्या फटीतून परत सरकवलं.

“हे दाताच्या डॉक्टरांचं आहे.”

“डॉक्टर ते डॉक्टरच की.”

“असतील. पण त्यांनी लिहिलंय, ‘प्रकृती उत्तम, खालची डावी दाढ वगळता.’ त्या दाढेचं काय ते आधी ठरवा.”

दाढेचं ठरवण्यात तीन आठवडे गेले. दाढ काढावी लागली. गाल सुजलेला असताना काढलेला फोटो कार्यालयाने नाकारला, कारण तो ओळखपत्राशी जुळेना. गाल उतरेपर्यंत कोरड्या हवेचे सगळे दिवस भरून गेले, आणि उरलेल्या तारखा नेमक्या वादळी पंधरवड्यातल्या निघाल्या.

“त्या दिवसांत तिथे वारा असतो, असं ऐकलंय,” पट्टीसाहेब चाचरत म्हणाले.

“असतो,” बाई म्हणाल्या. “म्हणूनच जागा आहे. नको असेल तर पुढची तारीख दीड वर्षाने.”

मागे बाकावर सासूबाई बसल्या होत्या. “दीड वर्ष कोणी पाहिलंय,” त्या म्हणाल्या. त्यात दुःख नव्हतं की धमकी नव्हती. दुकानात साखर संपल्याचं सांगावं तसं त्या म्हणाल्या. पट्टीसाहेबांनी सही केली.

मग छापील यात्रापत्र हातात आलं आणि ते सर्द झाले. मुख्य यात्रेकरू म्हणून सासूबाईंचं नाव ठळक अक्षरांत होतं. खाली बारीक टायपात लिहिलं होतं : सोबती – एक (पुरुष).

“हे काय? यात्रा माझी आहे,” ते म्हणाले. “या सोबत आहेत.”

“एका अर्जात वयाने मोठं ते मुख्य. यंत्र आपोआप घेतं.”

“निदान नाव तरी घाला.”

“सोबत्याचं नाव लागत नाही,” बाई समजुतीने म्हणाल्या. “संख्या लागते.”

चौतीस वर्षांत पट्टीसाहेबांनी हजारो गावांची, ओढ्यांची, टेकाडांची नावं नकाशावर लिहिली होती. ज्याला नाव नाही असं एक डबकंही त्यांनी सोडलं नव्हतं. ते कार्यालयाबाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा पाहून सासूबाईंनी त्यांना पाणी दिलं.

निघायच्या दिवशी पट्टीसाहेबांच्या पाठीवर सोळा किलो वजन होतं : होकायंत्र, उंची मोजायचं यंत्र, तीन टॉर्च, शिट्टी, दोरखंड, फोडांवरच्या पट्ट्यांची चार पाकिटं, आणि कार्यालयातल्या लोकांनी भेट दिलेला, चौकट काढून गुंडाळलेला तो मूळ नकाशा. सासूबाईंकडे खांद्याला अडकवायची एक पिशवी आणि छत्री होती.

पहिल्याच तासात एक धक्कादायक गोष्ट उघड झाली. सासूबाई थांबत नाहीत. त्या भरभर चालत होत्या असं मुळीच नाही. त्यांच्या पुढून एक गोगलगायसुद्धा डोकं वर करून गेली असती. पण त्या थांबत नव्हत्या. पट्टीसाहेब तरातरा पुढे जात, दगडावर बसून धापा टाकत, होकायंत्र बघितल्यासारखं करत, आणि तेवढ्यात मागून ती छत्री ठक ठक करत येई आणि शांतपणे पुढे निघून जाई. दिवसभरात असं अकरा वेळा झालं. शेवटी शेवटी सासूबाई जाता जाता “बसा, बसा” म्हणू लागल्या. ते फार झोंबलं.

संध्याकाळी पहिला मुक्काम आला. दगडी विश्रामगृह, कौलारू छप्पर, दारात किल्ल्यांचा जुडगा घेतलेला राखणदार. त्याने यात्रापत्र वाचून शिक्का मारला, सासूबाईंना आतली खाट दाखवली आणि पट्टीसाहेबांना म्हणाला, “सोबत्यांना व्हरांडा.”

“मी यांचा जावई आहे.”

“असाल,” राखणदार म्हणाला. “नात्याप्रमाणे खाटा नाहीत. कागदाप्रमाणे आहेत.”

व्हरांड्यात आधीच एक जण पथारी पसरून बसला होता. रुंद खांद्यांचा, पन्नाशीचा माणूस. तो हमाल होता. एका श्रीमंत यात्रेकरूचं सामान घेऊन चालला होता. त्याने पट्टीसाहेबांना मोठ्या आपुलकीने जागा करून दिली, उकडलेले बटाटे पुढे केले आणि विचारलं, “किती वर्षं आहात या धंद्यात?”

पट्टीसाहेबांना बटाटा गिळवेना. “हे पहिलंच वर्ष,” ते म्हणाले. खोटं नव्हतं.

“वाटलंच. ओझं फार खाली बांधता. म्हातारी कशी आहे? वेळेवर खायला देते ना?”

“देते,” पट्टीसाहेब म्हणाले. आणि मग आपणच काय बोललो ते ऐकून बराच वेळ अंधारलेल्या अंगणाकडे बघत बसले. उपविभागीय नकाशाप्रमुख पदावरून निवृत्त होऊन पुरते तीन महिने झाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी वारा सुटला. तिसऱ्या दिवशी तो इतका वाढला, की पट्टीसाहेबांचा नवा झग्यासारखा रेनकोट खालून फुगला आणि त्यांना दहा पावलं, त्यांच्या इच्छेविरुद्ध, एका शेतात घेऊन गेला. शेतातल्या बाईने कामावरून मान वर केली, पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. जणू दर वर्षी या सुमाराला एखादा निवृत्त अधिकारी असा उडत येतोच. दंतवैद्यांनी सांगितल्याप्रमाणे मोज्यांच्या आत साबण घासला होता. पावसात त्याचा फेस झाला आणि बुटांच्या वरून बाहेर येऊ लागला. हमालाने मागून आवाज दिला, “काका, तुम्ही उतू चाललात.”

चौथ्या दिवशी सकाळी वाट फुटली. हमाल आणि त्याचा यात्रेकरू उजवीकडे वळले. “इकडून या,” हमाल म्हणाला. “लांब आहे, पण बरी आहे.”

पट्टीसाहेब हसले. तीन दिवसांत पहिल्यांदाच त्यांना हसावंसं वाटलं. त्यांनी पाठीवरून नकाशा काढून खडकाच्या आडोशाला उलगडला. “डावीकडून गेलं तर नदीवर पूल आहे,” ते सासूबाईंना म्हणाले. “सहा किलोमीटर वाचतात. हा नकाशा मी काढलाय. या कागदावर मी बोट ठेवीन तिथे जमीन आहे.”

सासूबाईंनी हमालाच्या पाठीकडे पाहिलं, मग जावयाकडे. “बरं,” त्या म्हणाल्या.

डावीकडची वाट उताराची होती. दोन तास ते उतरत गेले. आभाळ काळं झालं, झाडं एकाच दिशेला वाकली, आणि खालून घरघर ऐकू येऊ लागली. पट्टीसाहेबांना वाटलं, गिरणी असावी. नकाशावर गिरणी नव्हती. शेवटचं वळण घेतलं आणि समोर नदी होती. तांबडी, फुगलेली, ओंडके घेऊन धावणारी. या काठाला वाट संपत होती. त्या काठाला काहीच सुरू होत नव्हतं.

“पूल कुठाय?” सासूबाईंनी विचारलं.

पट्टीसाहेबांनी नकाशा पाहिला. निळी रेषा होती, आणि तिच्यावर पुलाच्या दोन छोट्या, सुबक, समांतर रेषा. त्यांच्याच हातच्या. आणि त्या क्षणी त्यांना तो दिवस आठवला. मोजणीदाराच्या वहीत लिहिलं होतं, ‘पूल : प्रस्तावित.’ दुपारचा चहा आला होता. नंतर विचारू म्हणून त्यांनी रेषा मारून ठेवल्या होत्या. नंतर विचारायचं राहिलं होतं.

“पूल मी काढला होता,” ते म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना.

“म्हणजे बांधला होता?”

“नाही. काढला होता.”

सासूबाईंनी नदीकडे पाहिलं, मग जावयाकडे. काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. वाऱ्याने मात्र वेळ दवडला नाही. त्याने नकाशा पट्टीसाहेबांच्या हातातून उचलला, एकदा उंच नेऊन दाखवला आणि नदीच्या पलीकडे नेऊन टाकला. असा तो नकाशा एकटाच त्या पुलावरून पार झाला.

मग गारा सुरू झाल्या. आधी शेंगदाण्याएवढ्या, मग अक्रोडाएवढ्या. परत वर चढायचं होतं, तेही दोन तास उतरलेल्या, आता ओढा झालेल्या वाटेने. पट्टीसाहेबांनी सासूबाईंच्या डोक्यावर आपली पाठपिशवी छपरासारखी धरली. पन्नास पावलं गेले नाहीत तोच पुढे एक झाड आडवं झालं, अगदी सावकाश, एखाद्या दमलेल्या माणसाने अंग टाकावं तसं. त्याला वळसा घालताना सासूबाईंचा पाय गुडघ्यापर्यंत चिखलात गेला. पाय निघाला, बूट निघाला नाही.

“थोडं बसते,” सासूबाई म्हणाल्या.

आणि पट्टीसाहेबांच्या अंगातून खरी भीती सळसळत गेली. ही बाई चार दिवसांत एकदाही बसली नव्हती. त्यांनी जवळ जाऊन पाहिलं तर ओठ निळे पडले होते आणि बोटं छत्रीच्या दांड्यावरून सुटत नव्हती. आता बायकोला तोंड कसं दाखवायचं, हा विचार आधी आला. मग लाज वाटली, आणि मग दुसरा आला, की या इथेच बसल्या तर उठायच्या नाहीत.

त्यांनी पाठपिशवी काढून खडकाखाली टाकली. होकायंत्र, टॉर्च, दोरखंड, चारही पाकिटं, सगळं तिथेच राहिलं. ते सासूबाईंपुढे पाठ करून खाली वाकले.

“बसा.”

“वेडेपणा करू नका, जावईबापू.”

“बसा म्हणतो ना,” पट्टीसाहेब म्हणाले, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदाच सासूबाईंनी त्यांचं मुकाट्याने ऐकलं.

त्या किती हलक्या होत्या हा त्या दिवसाचा आणखी एक धक्का. घरात वावरताना त्या इतकी जागा व्यापत, की त्यांचं वजन एवढंच असेल असं कधी वाटलं नव्हतं. तरी चढ तो चढच. पट्टीसाहेब पंधरा पावलं मोजत, थांबत, पुन्हा पंधरा मोजत. जिन्यातला व्यायाम कामाला आला असं म्हणायचा मोह होतो, पण खरं सांगायचं तर पाय लटपटत होते आणि डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. कानाजवळ सासूबाईंचा श्वास ऐकू येत होता. तो थांबला तर कळावं म्हणून ते स्वतःचा श्वास धरून चालत होते, आणि म्हणून जास्तच दमत होते.

अर्ध्या वाटेवर मेंढ्यांचा एक दगडी गोठा होता. तिथे धूर दिसला. आत हमाल होता. हे दोघे मागे दिसेनात म्हणून तो आपल्या यात्रेकरूला वाटेतल्या एका झोपडीत सोडून उलटा आला होता, आणि गारा लागल्यावर इथे शिरला होता. त्याने एक शब्द न विचारता सासूबाईंना उचलून शेकोटीजवळ ठेवलं, स्वतःच्या कोरड्या घोंगडीत गुंडाळलं आणि चहा उकळला. तासाभराने ओठांना रंग आला.

मग त्याने पट्टीसाहेबांना कोपऱ्यात घेतलं. “तिकडे पूल कधीच नव्हता, काका. तुम्हाला सांगितलं कोणी?”

“एका गाढवाने,” पट्टीसाहेब म्हणाले.

घोंगडीतून आवाज आला. “मी ऐकतेय.”

संध्याकाळी वारा थोडा पडला तेव्हा पट्टीसाहेब सासूबाईंपाशी बसले. “आता परत जाऊ,” ते म्हणाले. “वरच्या रस्त्यावरून गाडी मिळते. माझ्या हट्टापायी तुमच्या जिवावर बेतलं. टंकलेखिका बाईंना काय म्हणायचं ते म्हणू देत.” त्यांना हे बोलताना खरंच हलकं वाटत होतं.

“कोण टंकलेखिका?”

“कोणी नाही.”

“तुम्ही जा हवं तर,” सासूबाई म्हणाल्या. “माझं तिथे काम आहे. मी सावकाश येते.”

एका बुटावर. शहात्तराव्या वर्षी.  मग हमालाने पोतं कापून सासूबाईंच्या पायाला पायताण शिवून दिलं, आणि सकाळी ते तिघे उजवीकडच्या वाटेने निघाले.

पुढच्या पाच दिवसांत वादळाने काही सोडलं नाही. सातव्या मुक्कामी विश्रामगृहाचे पत्रे उडू लागले तेव्हा सगळे यात्रेकरू आणि सगळे सोबती एकाच दोरीला लटकून छप्पर धरत होते. तिथे कागदाप्रमाणे काही विचारायला राखणदाराला सवड नव्हती. पाठीवर ओझं नसल्यामुळे पट्टीसाहेबांना चालणं जमू लागलं होतं. सासूबाईंच्या चालीने चाललं तर थांबावं लागत नाही, हा शोध त्यांना सहाव्या दिवशी लागला होता, आणि तो इतका साधा होता, की कोणाला सांगायची सोय नव्हती.

आठव्या मुक्कामावर मात्र यात्रापत्राचा घोळ झाला. ते सासूबाईंच्या पिशवीत भिजलं होतं. ठळक अक्षरांतलं नाव, तारखा, शिक्के, सगळी शाई एकमेकांत मिसळून एक जांभळा डाग झाला होता. बारीक टायपातली एकच ओळ शाबूत होती. तिथला राखणदार कंदिलाजवळ कागद धरून म्हणाला, “सोबती एक, पुरुष. बरोबर. पण कोणाचे सोबती ते दिसत नाही.”

“माझे,” सासूबाई म्हणाल्या.

राखणदाराने शिक्का मारला. पट्टीसाहेबांना काहीतरी बोलायचं होतं, पण त्यांच्या घशात काहीतरी अडकलं होतं आणि या वेळी ते सूप नव्हतं.

नवव्या दिवशी दुपारी ते देवस्थानाला पोचले. उंच कड्यावरचं छोटंसं दगडी देऊळ, वाऱ्याने घासून गुळगुळीत झालेलं. पण आत जाण्याआधी नोंद. मंडपात टेबल, टेबलावर जाडजूड वही, वहीमागे चष्मा लावलेले एक गृहस्थ आणि टेबलापुढे तीसेक ओलेचिंब माणसांची रांग. सासूबाईंचा नंबर आला.

“यात्रेचा हेतू?” गृहस्थांनी मान वर न करता विचारलं. “नवस, दर्शन की इतर?”

“इतर.”

“इतर म्हणजे काय ते लिहावं लागतं.”

“तक्रार मागे घ्यायची आहे.”

लेखणी थांबली. “कोणाबद्दलची?”

सासूबाईंनी छत्री उचलली आणि तिचं टोक पट्टीसाहेबांकडे केलं. “यांच्याबद्दलची.”

पट्टीसाहेबांनी मागे वळून पाहिलं. मागे एक भिजलेल्या बाई होत्या. त्यांनीही मागे वळून पाहिलं. मग हळूहळू सगळी रांग पट्टीसाहेबांकडे पाहू लागली.

“केव्हाची?” गृहस्थ म्हणाले. त्यांना यात काही वावगं वाटलेलं दिसलं नाही.

“एकतीस वर्षं झाली. हिचं लग्न ठरलं तेव्हा. म्हणजे माझ्या मुलीचं. बहिणीकडे जाते सांगून मी एकटी गाडीने आले होते. हे लग्न मोड, असं देवाला सांगायला. त्याने मोडलं नाही. मग मी चार शब्द जास्त बोलले, आणि पुन्हा तोंड बघणार नाही म्हणून निघून गेले.”

“लेखी की तोंडी?”

“तोंडी.”

“मग तोंडीच मागे घ्या. आत जाऊन. इथे मी ‘इतर’ एवढंच लिहितो.” त्यांनी लिहिलं आणि टीपकागद दाबला. “पुढचे.”

पट्टीसाहेबांच्या पायाखाली त्या वेळी कडा होता की मंडप, हे त्यांना सांगता आलं नसतं. गारा, नदी, झाड, पत्रे यांतलं काहीच त्यांना असं लागलं नव्हतं. सासूबाई आत गेल्या. बराच वेळ आत होत्या. बाहेर आल्या तेव्हा पट्टीसाहेब देवळाच्या पायऱ्यांवर बसले होते. त्या शेजारी बसल्या.

“कारण काय होतं?” शेवटी पट्टीसाहेबांनी विचारलं.

“तुम्ही मुलगी बघायला आलात आणि आमच्या दाराची चौकट मोजलीत.”

“ती वाकडी होती.”

“होती,” सासूबाई म्हणाल्या. “पण आम्ही वीस वर्षं तिथे सुखाने राहत होतो. तुम्ही गेल्यावर हिचे वडील रोज ती चौकट बघत बसायचे. शेवटी भिंत पाडून नवी बसवली. मला वाटलं, हा माणूस माझ्या पोरीच्या आयुष्यात असंच काहीतरी वाकडं शोधत बसेल.”

पट्टीसाहेब फार हळू म्हणाले, “म्हणजे एकतीस वर्षं ही तक्रार चालू होती?”

“चालू नव्हती. मागे घ्यायची राहिली होती.”

“केव्हापासून?”

सासूबाईंनी पोत्याच्या पायताणाची गाठ नीट केली. “हे आजारी होते तेव्हा रविवारी तुम्ही त्यांची नखं कापायचात. दार लोटून घ्यायचात, कोणी बघू नये म्हणून. मी फटीतून बघायचे. एकदा त्यांनी तुम्हाला शिवी दिली, आठवतंय? त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. तुम्ही म्हणालात, ‘हो, बरोबर आहे तुमचं, आता दुसरा हात द्या.’”

पट्टीसाहेबांना ते आठवत नव्हतं. नखं आठवत होती. त्या माणसाची नखं फार लवकर वाढत.

“मग घरीच सांगायचं,” ते म्हणाले. “त्यासाठी एवढं चालत...”

“देवावर रागावून गेले होते. गाडीने येऊन माफी मागणं बरं दिसलं नसतं.”

थोड्या वेळाने फोनला रेंज आली. पट्टीसाहेब बाजूला गेले आणि त्यांनी बायकोला फोन लावला. सुखरूप पोचल्याचं सांगितलं, नदीचं थोडं सांगितलं, पुलाचं मुळीच सांगितलं नाही. मग आवाज खाली आणून म्हणाले, “तुझ्या आईने आपलं लग्न मोडावं म्हणून देवाला साकडं घातलं होतं. तुला माहीत होतं?”

“कोणाला माहीत नव्हतं?” बायको म्हणाली. “आईने काही खाल्लं का?”

“कोणाला म्हणजे?”

“दादाला, मावशीला, मुलांना. दंतवैद्यांना बाबांनीच सांगितलं होतं, कवळी बसवताना. आईला मोजे बदलायला सांगा.”

पट्टीसाहेबांनी फोन खिशात ठेवला. एकतीस वर्षांत घरच्या किती जेवणांना, किती वाढदिवसांना ही सगळी माणसं आपल्याकडे बघून हसत होती, आणि आपण त्याला स्वतःचं विनोदी बोलणं कारण समजत होतो, याचा ते विचार करू लागले आणि लगेच तो थांबवला. वारा आता अगदी पडला होता. मंडपातून हमाल तीन कप चहा घेऊन येत होता.

ते पायऱ्यांवर परत आले आणि सासूबाईंपासून एक हात अंतरावर बसले. मग अंतर थोडं कमी केलं.

“म्हणजे आता माझ्याबद्दल तुमची काही तक्रार नाही,” ते म्हणाले.

सासूबाईंनी चहाचा कप दोन्ही हातांत धरला, फुंकर घातली, एक घोट घेतला, समोरच्या दरीकडे पाहिलं, पुन्हा एक घोट घेतला. त्या इतका वेळ विचार करत राहिल्या, की हमालसुद्धा कप तोंडाजवळ धरून थांबला.

“जुनी नाही,” त्या म्हणाल्या.